एरिया ५१ मध्ये दडवले काय होते?

'एरिया ५१' हे नाव ऐकले नाही असा शाळकरी मुलगा आता शोधूनही सापडायचा नाही. मोबाइलवर दोन मिनिटांची चित्रफीत येते. त्यात वाळवंट असते, कुंपण असते, हद्द ओलांडली तर जिवावर बेतेल असा इशारा देणारा फलक असतो. मग एक भारदस्त आवाज सांगू लागतो, की अमेरिकेने इथे परग्रहावरून आलेली तबकडी लपवून ठेवली आहे. मुले ती पाहतात, मोठी माणसेही पाहतात आणि खरे-खोटे न करता नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवून देतात. या जागेविषयी खरे काय ते एकदा लिहा, असे आमच्या काही वाचकांनी, त्यातही मुलांच्या आयांनी, सुचवले होते. म्हणून या महिन्याचे सदर त्यासाठी.

ही जागा खरीच आहे. तिथे फार मोठी गुपिते होती, हेही खरे. त्यातली बरीचशी आता सरकारी कागदांतून बाहेर आली आहेत. ती वाचताना आमचे लक्ष विमानांपेक्षा माणसांकडे जास्त गेले. गुपित सांभाळण्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न पानोपानी पुढे येत राहिला.

आटलेले तळे

नेवाडा हे अमेरिकेच्या पश्चिम भागातले कोरडे राज्य. डोंगर उघडेबोडके, वस्ती विरळ. लास वेगास शहरापासून उत्तरेकडे सुमारे १३० किलोमीटरवर ग्रूम लेक आहे. तळे म्हणायचे ते नावापुरते. पाणी आटून मागे मिठाचा आणि मातीचा कडक, सपाट थर उरला आहे. विमान उतरवायला जणू आयतीच धावपट्टी. शेजारी अमेरिकेचे अणुचाचणी क्षेत्र. १९५१ ते १९९२ या काळात तिथे ९०० हून अधिक अणुस्फोट झाले. त्या जमिनीवर वेस्टर्न शोशोनी आदिवासी आजही आपला हक्क सांगतात.

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिका व सोव्हिएत रशिया यांच्यात शीतयुद्ध सुरू झाले. रशियाजवळ किती बॉम्बफेकी विमाने आहेत, अणुबॉम्ब कुठे बनतात, हे अमेरिकेला कळत नव्हते. उपग्रह अजून आले नव्हते. तेव्हा फार उंचावरून उडून छायाचित्रे घेणारे विमान बनवायचे ठरले. १९५४ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याला मंजुरी दिली. काम सीआयए या गुप्तचर संस्थेकडे गेले. तिच्या वतीने रिचर्ड बिसेल हे अधिकारी ते पाहत होते. विमान बनवणार होती लॉकहीड कंपनी आणि तिचे प्रसिद्ध अभियंता केली जॉन्सन. विमानाचे नाव यू-२. लांबलचक पंख, हलके अंग आणि ७०,००० फुटांच्या आसपास उडण्याची ताकद.

असे विमान लोकांच्या डोळ्यांसमोर उडवता येणार नव्हते. एप्रिल १९५५ मध्ये बिसेल, जॉन्सन, हवाई दलाचे कर्नल रिटलँड आणि चाचणी वैमानिक टोनी लेव्हियर लहान विमानातून जागा शोधत निघाले आणि ग्रूम लेकवर उतरले. जागा पसंत पडली. राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने ती अणुचाचणी क्षेत्राला जोडण्यात आली. अणुऊर्जा आयोगाच्या नकाशावर त्या तुकड्याला 'एरिया ५१' म्हणत. या ओसाड जागी कामगार यायला तयार व्हावेत म्हणून जॉन्सन यांनी तिला 'पॅराडाइज रँच' असे गोड नाव दिले. म्हणजे स्वर्गातली वाडी. तिथे राहणाऱ्यांनी त्यातला स्वर्ग गाळला आणि नुसते 'रँच' म्हणू लागले.

काही महिन्यांत धावपट्टी, शेड आणि राहायच्या खोल्या उभ्या राहिल्या. १ ऑगस्ट १९५५ रोजी लेव्हियर विमान नुसते जमिनीवर पळवून पाहत होते. पंख इतके उचल देणारे, की त्यांचा विचार नसताना विमान जमिनीवरून सुटले. यू-२ चे पहिले उड्डाण असे न ठरवता झाले. कामगार आणि अभियंते आठवड्याच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या बर्बँकहून विमानाने येत आणि आठवडा संपला की घरी परतत. कुठे जातो आणि काय करतो, हे बायकोलाही सांगायचे नाही, असा दंडक होता.

आकाशातला जळता ठिपका

आता तबकड्यांकडे येऊ. त्या काळी प्रवासी विमाने साधारण १०,००० ते २०,००० फुटांवरून जात. ६०,००० फुटांच्या वर माणूस उडू शकतो, हे बहुतेकांच्या कल्पनेतही नव्हते. संध्याकाळी खालच्या विमानासाठी सूर्य मावळलेला असे, पण तिप्पट उंचावरच्या यू-२ वर मात्र ऊन पडत असे. सुरुवातीच्या यू-२ विमानांना रंग दिलेला नव्हता. त्यांचे चंदेरी पंख ऊन परतवत. खालून जाणाऱ्या वैमानिकाला आकाशात कितीतरी वर एक पेटलेली वस्तू सरकताना दिसे. तो उतरल्यावर तक्रार लिही. हवाई दलाकडे अशा नोंदी तपासण्यासाठी 'ब्लू बुक' नावाचा विभाग होता. तिथले तपासनीस सीआयएच्या अधिकाऱ्यांना विचारून त्या तारखेला, त्या वेळेला यू-२ कुठे होते ते पडताळत. पुष्कळदा मेळ जमे. पण पत्र लिहिणाऱ्याला ते सांगता येत नसे.

सीआयएने या विमानांचा जो इतिहास स्वतःसाठी लिहून घेतला होता, त्यात एक विधान आहे. १९५० च्या दशकाची शेवटची वर्षे आणि १९६० च्या दशकाचा बराचसा काळ मिळून तबकड्या दिसल्याच्या ज्या नोंदी आल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक या गुप्त विमानांमुळे होत्या, असे तो इतिहास म्हणतो. म्हणजे ज्याने पाहिले तो खोटे बोलत नव्हता. त्याने खरेच काहीतरी पाहिले होते. ज्यांना उत्तर माहीत होते ते गप्प राहिले आणि त्या रिकाम्या जागेत अफवा वाढली. सरकारला तिचा त्रासही नव्हता. लोक परग्रहवासी शोधत बसले, तर विमान शोधणार कोण?

१९८९ मध्ये एका माणसाने लास वेगासच्या दूरचित्रवाणीवर येऊन सांगितले, की आपण ग्रूम लेकजवळ परग्रहाच्या यानावर काम केले आहे. आपण ज्या नामांकित संस्थांत शिकलो म्हणून त्याने सांगितले, तिथे त्याची नोंद सापडली नाही. यानाचा पुरावाही कधी पुढे आला नाही. तरी ती गोष्ट जगभर गेली. १९९६ मध्ये नेवाडा राज्याने त्या भागातल्या रस्त्याला परग्रहवासीयांच्या नावाचा फलक लावला आणि पर्यटकांची सोय झाली.

चौदा घरे

सरकारी कागदांतली खरी गोष्ट मात्र पर्यटनाच्या फलकावर मावणारी नाही. १७ नोव्हेंबर १९५५ रोजी सकाळी बर्बँकहून एक सी-५४ मालवाहू विमान नेहमीप्रमाणे ग्रूम लेककडे निघाले. आत हवाई दलाचे कर्मचारी, सीआयएची माणसे आणि यू-२ वर काम करणारे तंत्रज्ञ होते. लास वेगासजवळच्या चार्ल्सटन पर्वतावर हिमवादळ होते. विमान वाट चुकले आणि शिखराजवळ कड्यावर आदळले. आतले चौदाही जण दगावले.

त्यांच्या घरच्यांना मृत्यूची बातमी मिळाली. पण ही माणसे कुठे चालली होती, कोणते काम करत होती, त्या वादळात त्या डोंगराकडे गेलीच कशी, हे त्यांना कळले नाही. वर्तमानपत्रांना वेगळेच काही सांगितले गेले. कागद खुले व्हायला कित्येक दशके लागली. तोवर अनेकांचे आईवडील हे जग सोडून गेले होते आणि तेव्हाची लहान मुले मध्यमवयात पोचली होती. आपला बाप कशासाठी गेला, हे त्यांना तेव्हा कळले. २०१५ मध्ये, म्हणजे अपघातानंतर ६० वर्षांनी, त्या पर्वताच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक उभे राहिले.

ज्यांच्या घरचे कोणी फौजेत, जहाजावर किंवा परदेशात कामाला आहे, त्यांना या चौदा घरांचे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. मयत झाल्याचे दुःख माणूस काळाबरोबर पचवतो. काय झाले हेच न कळणे पचत नाही. विमानाचा आराखडा गुप्त ठेवणे आम्हाला समजते. आईला मुलाच्या मृत्यूची हकीकत न सांगणे ही वेगळी गोष्ट आहे आणि दोन्ही एकाच शिक्क्याखाली बंद झाल्या होत्या.

पेशावरहून उडालेले विमान

ग्रूम लेकवर तयार झालेले यू-२ आपल्या उपखंडातही आले. पेशावरजवळ बडाबेर इथे अमेरिकेचे टेहळणी केंद्र होते आणि पेशावरच्या विमानतळाचा वापर करायला पाकिस्तान सरकारने परवानगी दिली होती. १ मे १९६० रोजी फ्रान्सिस गॅरी पॉवर्स हा वैमानिक यू-२ घेऊन पेशावरहून उडाला. रशिया ओलांडून नॉर्वेत उतरायचे होते. स्वेर्दलोव्स्क शहराजवळ रशियन क्षेपणास्त्राने विमान पाडले.

अमेरिकेला वाटले, की वैमानिक मेला आणि विमानाचे तुकडे झाले. म्हणून तिने जाहीर केले, की हे हवामानाचा अभ्यास करणारे विमान होते आणि तुर्कस्तानच्या बाजूला वाट चुकले. गोष्ट खरी वाटावी म्हणून एका यू-२ वर नासाची खूण रंगवून ते वार्ताहरांना दाखवले. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी काही दिवस हे सगळे ऐकून घेतले. मग सांगितले, की वैमानिक जिवंत आहे, आमच्या ताब्यात आहे आणि त्याने कबुली दिली आहे. महासत्तेचा खोटेपणा भर सभेत उघडा पडला. त्याच महिन्यात पॅरिसला होणारी शांतता परिषद मोडली. पॉवर्सला १० वर्षांची शिक्षा झाली आणि फेब्रुवारी १९६२ मध्ये बर्लिनच्या एका पुलावर रशियन हेराच्या बदल्यात त्याची सुटका झाली.

ख्रुश्चेव्ह यांनी या विमानांना तळ देणाऱ्या देशांनाही उघड इशारा दिला. त्यात पाकिस्तान होते. पेशावरच्या बाजारात दुकान चालवणाऱ्याला, शाळेत मूल पाठवणाऱ्या आईला कोणी विचारले नव्हते, की तुमच्या गावावरून असे विमान उडवावे का. पण उत्तर म्हणून बॉम्ब पडला असता, तर त्यांच्यावरच पडला असता.

भारतही यातून अगदी बाजूला नव्हता. १९६२ च्या चीन युद्धानंतर पंडित नेहरूंच्या सरकारने सीमेवरच्या चिनी हालचाली टिपण्यासाठी यू-२ ला परवानगी दिली. ही विमाने आधी थायलंडच्या ताखली तळावरून येत. मग ओडिशात कटकजवळच्या चारबतिया इथल्या जुन्या धावपट्टीचा वापर करायचे ठरले आणि तिथून पहिले उड्डाण २४ मे १९६४ रोजी झाले. तीनच दिवसांनी नेहरूंचे निधन झाले. त्या काळी देशाची गरज मोठी होती, हे आम्ही नाकारत नाही. चारबतियाच्या शेतकऱ्याला मात्र आपल्या डोक्यावरून काय जाते हे ठाऊक नव्हते. सीआयएच्या खुल्या झालेल्या इतिहासात या गोष्टीची पाने २०१३ मध्ये सगळ्यांसमोर आली.

शत्रूचे सामान, शत्रूची विद्या

यू-२ पाडता येते हे कळण्याच्या आधीच अमेरिकेने पुढच्या विमानाची तयारी सुरू केली होती. त्याचे नाव ए-१२. ते एप्रिल १९६२ मध्ये ग्रूम लेकवर पहिल्यांदा उडाले. आवाजाच्या तिप्पट वेग आणि ९०,००० फुटांपर्यंतची उंची. इतक्या वेगात हवेच्या घर्षणाने विमानाची कातडी तापते आणि नेहमीचे ॲल्युमिनियम नरम पडते. म्हणून हे विमान बहुतांशी टायटॅनियम धातूचे बनवले. तो धातू अमेरिकेत पुरेसा नव्हता. जगात सर्वांत जास्त होता रशियात. मग मधल्या कंपन्यांच्या नावाने तो रशियाकडूनच विकत घेतला. ज्याच्यावर पाळत ठेवायची, त्याच्याच मालातून पाळतीचे विमान तयार झाले.

तोपर्यंत रशियाचे उपग्रह आकाशातून फिरू लागले होते. त्यांच्या येण्याच्या वेळा ग्रूम लेकवर आधी कळवल्या जात. वेळ झाली, की विमाने ढकलत शेडमध्ये न्यायची आणि उपग्रह गेला, की पुन्हा बाहेर काढायची. मे १९६३ मध्ये एक ए-१२ युटा राज्यात कोसळले, तेव्हा वर्तमानपत्रांना ते एफ-१०५ जातीचे साधे लढाऊ विमान असल्याचे सांगितले. वैमानिक बचावला होता.

१९६८ मध्ये ग्रूम लेकवर एक मिग-२१ आले. ऑगस्ट १९६६ मध्ये मुनीर रेदफा हा इराकी वैमानिक ते घेऊन इस्रायलला पळून गेला होता. इस्रायलने ते अमेरिकेला उसने दिले. अमेरिकी वैमानिकांनी ते उडवून त्याची ताकद आणि उणिवा मोजल्या. मिग-२१ आपल्याला परके नाही. भारतीय हवाई दलाचा तो अनेक दशके कणा होता आणि त्याची बांधणी नाशिकजवळ ओझरच्या कारखान्यात होत असे. नाशिक-निफाड भागातल्या कित्येक घरांचा चरितार्थ त्या कारखान्यावर चालला. त्याच जातीचे विमान तिकडे वाळवंटात गुपचूप उघडून तपासले जात होते.

पुढचा टप्पा रडारला न दिसणाऱ्या विमानाचा. रडार रेडिओलहरी सोडते. त्या विमानावर आपटून परत आल्या, की विमान कुठे आहे ते कळते. विमानाचे अंग गोलसर न ठेवता सपाट, तिरक्या पृष्ठांचे केले, तर लहरी भलतीकडेच फेकल्या जातात आणि रडारकडे फारच थोड्या परततात. ही मांडणी करताना लॉकहीडच्या एका गणितज्ञाला प्योत्र उफिमत्सेव्ह या रशियन शास्त्रज्ञाचा १९६२ चा प्रबंध उपयोगी पडला. तो मॉस्कोत उघडपणे छापला गेला होता. तिथे त्याचे महत्त्व कोणी ओळखले नाही. 'हॅव ब्लू' नावाचे नमुना विमान १ डिसेंबर १९७७ रोजी ग्रूम लेकवर उडाले. त्यातून तयार झालेले एफ-११७ तिथेच १८ जून १९८१ रोजी पहिल्यांदा आकाशात गेले. असे विमान आपल्याकडे आहे, हे अमेरिकेने नोव्हेंबर १९८८ मध्ये मान्य केले.

आमिरियाचा निवारा

एफ-११७ चे नाव जगभर गाजले ते १९९१ च्या आखाती युद्धात. बगदादवर रात्री हल्ले करण्याचे काम त्याच्याकडे होते. रडारला ते दिसत नसे आणि लेसरच्या साहाय्याने त्याचा बॉम्ब नेमका ठरलेल्या जागी पडे. या नेमकेपणाचे वाहिन्यांवर फार कौतुक झाले. त्या वर्षी ज्यांच्या घरी टीव्ही होता, त्यांना ती हिरवट दृश्ये अजून आठवत असतील.

१३ फेब्रुवारी १९९१ च्या पहाटे एफ-११७ विमानांनी बगदादच्या आमिरिया वस्तीतल्या एका इमारतीवर दोन बॉम्ब टाकले. दोन्ही नेमके पडले. पहिल्याने काँक्रीटचे जाड छत फोडले आणि दुसरा त्या भगदाडातून आत गेला. ती इमारत हवाई हल्ल्यापासून बचावासाठी बांधलेला निवारा होती. आत आसपासच्या वस्तीतली कुटुंबे झोपली होती. त्यात बायका आणि मुले फार होती. ४०० हून अधिक माणसे मारली गेली. हे लष्करी नियंत्रण केंद्र आहे अशी आमची माहिती होती, असे अमेरिकेने सांगितले. मृतदेह बाहेर काढताना वार्ताहर तिथे होते आणि काय निघाले ते जगाने पाहिले.

विमानाचा काही दोष नव्हता. ग्रूम लेकवर त्याची जी जी चाचणी झाली, तीत ते उतरले होते. दोष होता तो माहितीत. निवाऱ्यात कोण झोपले आहे, हे ना त्या रडारला कळत होते, ना त्या लेसरला. ३०-३५ वर्षे अब्जावधी डॉलर ओतून न दिसणारे विमान बनवता आले, पण छताखालचे मूल दिसेल असे यंत्र त्या तळावर कोणी बनवत नव्हते. एरिया ५१ चा इतिहास सांगताना लोक नेवाडाच्या कुंपणाशी थांबतात. आम्हाला तो आमिरियापर्यंत न्यावासा वाटतो, कारण तिथे जे घडवले ते शेवटी कोणाच्या तरी घरावर गेले.

दोन विधवा न्यायालयात

किंमत मोजणाऱ्यांत खुद्द तळावरचे कामगारही होते. १९९४ मध्ये तिथल्या काही कामगारांनी आणि दोन कामगारांच्या कुटुंबांनी सरकारवर दावा लावला. त्यांचे म्हणणे असे, की विमानांवर लावायच्या लेपांचा आणि रसायनांचा कचरा तळावर उघड्या खड्ड्यांत जाळला जाई. त्याचा धूर कामगारांच्या अंगावर आणि श्वासात जाई. अंगावर चट्टे उठले, श्वासाचे आजार जडले. पत्र्याचे काम करणारे दोघे दगावले आणि त्यांच्या विधवा न्यायालयात उभ्या राहिल्या. काही कामगारांनी तर नावही न देता दावा लावला, कारण तळाबद्दल बोलणे हाच गुन्हा ठरू शकत होता.

त्यांची मागणी फार मोठी नव्हती. आमच्या माणसांच्या श्वासात काय गेले ते सांगा, म्हणजे डॉक्टरला औषध कळेल, आणि असा कचरा जाळणे बंद करा, एवढेच. सरकारने उत्तर दिले, की तळावर कोणती रसायने होती हे सांगणे म्हणजे राष्ट्रीय गुपित फोडणे. तळाचे नाव उच्चारायलाही सरकारी वकील तयार नव्हते. सप्टेंबर १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला. घातक कचऱ्याची माहिती उघड करण्याच्या कायद्यातून 'ग्रूम लेकजवळच्या हवाई दलाच्या ठिकाणाला' सूट देण्यात आली. गंमत अशी, की सूट देण्यासाठी का होईना, ते ठिकाण अस्तित्वात आहे हे कागदावर लिहावे लागले. दावा फेटाळला गेला. वरच्या न्यायालयाने तोच निकाल कायम केला आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

भिवंडीच्या यंत्रमागावर, तारापूरच्या रसायनाच्या कारखान्यात किंवा जहाजतोडणीच्या कामावर ज्यांची माणसे जातात, त्या घरांना हा दावा ऐकताना लांबचा वाटणार नाही. कामाच्या जागी हवेत काय आहे, हे विचारण्याचा हक्क कामगाराचा आहे. तिथे तो हक्क एका शिक्क्याने बंद झाला. गुपित देशाचे होते की चुकीचे, हे ठरवायला न्यायाधीशाला मोकळीकच उरली नाही. आमच्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत धोक्याचा भाग हाच. यंत्र लपवण्यासाठी जो पडदा टांगला होता, त्याच्याआड अन्यायही सहज लपला.

पडदा उघडला तेव्हा

ऑगस्ट २०१३ मध्ये सीआयएने आपला तो इतिहास जवळजवळ पूर्ण खुला केला. जेफ्री रिचेलसन या अभ्यासकाने माहितीच्या कायद्याखाली अर्ज करून तो मागितला होता आणि आठ वर्षे वाट पाहिली होती. त्यात नकाशा होता, 'एरिया ५१' हे नाव होते, यू-२ आणि ए-१२ च्या चाचण्यांची हकीकत होती. परग्रहवासी नव्हते.

एवढे होऊनही २०१९ मध्ये कोणीतरी थट्टेने फेसबुकवर आवाहन केले, की चला, एरिया ५१ वर धडक मारू आणि परग्रहवासी पाहू. २० लाखांहून अधिक लोकांनी येतो म्हणून कळवले. २० सप्टेंबरला फाटकापाशी प्रत्यक्षात थोडीच माणसे जमली, जवळच्या लहानशा गावात गाणी-बजावणी झाली आणि सगळे घरी गेले. आठ वर्षे अर्जामागे लागणारा एक माणूस आणि एका बोटाने येतो म्हणणारे २० लाख, यांतून उजेड कोणी पाडला हे मुलांना दाखवून द्यावे.

तळ अजून चालू आहे. लास वेगासच्या विमानतळावरून लाल पट्टा असलेली पांढरी विमाने कामगारांना घेऊन आजही तिकडे जातात. आत आज काय चालते ते आणखी ३०-४० वर्षांनी एखाद्या जाडजूड अहवालात वाचायला मिळेल.

तोवर आपल्या घरात करण्यासारखे आहे. मुलाने तबकडीची चित्रफीत दाखवली, तर त्याला झिडकारू नये. त्याला विचारावे, हे सांगणाऱ्याने स्वतः काय पाहिले? कागद कुठे आहे? तहकीक करण्याची ही सवय लहानपणीच लागते आणि जन्मभर उपयोगी पडते. एका खोट्या निरोपाने वस्तीची शांतता कशी जाते, दुकाने कशी बंद होतात, हे आपल्यापैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे. तबकडीची अफवा निरुपद्रवी वाटते, पण न तपासता पुढे पाठवण्याचा हात तोच असतो.

आणि दुसरी गोष्टही सांगावी. लपवणारा नेहमी चमत्कारच लपवतो असे नाही. चार्ल्सटन पर्वतावरच्या चौदा माणसांची हकीकत आणि धुरात काम करणाऱ्यांचा आजार हीसुद्धा त्या तळाची गुपिते होती. त्यांच्यावर कोणी चित्रफीत काढली नाही. मुलांना एरिया ५१ ची गोष्ट सांगायचीच असेल, तर या माणसांपासून सुरुवात करावी.